अ‍ॅलेक्सिस कॅरेल : काचेतल्या पेशी आणि रक्तातली चरबी

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक रुग्णांच्या मनात एक प्रश्न येतो. कोलेस्टेरॉल शरीराला लागतेच, प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असते, मग डॉक्टर ते कमी करायला का सांगतात? नातेवाईक मोबाइलवर आलेला संदेश दाखवतात : पेशी कोलेस्टेरॉलशिवाय वाढत नाहीत, म्हणून गोळ्या बंद करा. दुसरा संदेश अगदी उलट असतो : रक्तातली चरबी पेशींना मारते, म्हणून तेल-तूप सगळे सोडा. दोन्ही संदेशांत थोडे सत्य आहे. ते सत्य आले आहे काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींवरच्या प्रयोगांतून.

रक्तातल्या स्निग्ध पदार्थांचा पेशींच्या वाढीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुरुवातीलाच नेणाऱ्यांपैकी एक म्हणजे फ्रेंच शल्यविशारद अ‍ॅलेक्सिस कॅरेल. रक्तवाहिन्या शिवण्याच्या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी वाढवलेल्या कोंबडीच्या पेशी जगभर गाजल्या आणि पुढे त्यांच्याच एका मोठ्या दाव्याला तडा गेला. काचेतल्या पेशी आपल्याला काय सांगू शकतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे समजून घेण्यासाठी त्यांचे आयुष्य उपयोगी आहे.

न शिवता आलेली शीर

कॅरेल यांचा जन्म २८ जून १८७३ रोजी फ्रान्समधील ल्यों शहराजवळ झाला. वडिलांचा रेशमी कापडाचा व्यवसाय होता. मुलगा लहान असतानाच वडील वारले आणि आईने मुलांना वाढवले. अ‍ॅलेक्सिस हे वडिलांचे नाव. त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने ते घेतले. शिक्षणासाठी त्यांनी ल्योंमध्येच वैद्यकशास्त्र निवडले.

२४ जून १८९४ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो ल्यों शहरात आले असताना एका हल्लेखोराने त्यांना भोसकले. यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर कापली गेली. शहरातले नामवंत शल्यविशारद जमले, पण कापलेली रक्तवाहिनी शिवून पुन्हा जोडण्याची खात्रीची पद्धत तेव्हा कोणाकडेच नव्हती. रक्तस्राव थांबला नाही आणि कार्नो दगावले. कॅरेल तेव्हा विद्यार्थी होते. ही शीर शिवता आली असती तर माणूस वाचला असता, हे त्यांच्या मनात पक्के बसले.

ल्यों हे रेशीम आणि भरतकामाचे शहर. कॅरेल यांनी लेराउडिए नावाच्या निष्णात भरतकाम करणाऱ्या बाईंकडून अगदी बारीक सुई आणि रेशमी धाग्याने टाके घालायला शिकून घेतले. मग त्यांनी रक्तवाहिनीसाठी स्वतःची युक्ती काढली. कापलेल्या वाहिनीचे तोंड गोल असते आणि गोल कडेवर सरळ शिवण घालणे अवघड जाते. त्यांनी कडेवर समान अंतरावर तीन टाके घालून ते ताणून धरले. गोलाचा त्रिकोण झाला आणि प्रत्येक बाजू सरळ रेषेत शिवता येऊ लागली. ही पद्धत त्यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. आजही रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांत तिचा वापर होतो.

त्याच वर्षी एका आजारी तरुणीबरोबर ते लूर्द या तीर्थक्षेत्री गेले. क्षयाने पोट फुगलेल्या त्या तरुणीची प्रकृती तिथे एकाएकी सुधारल्याचे आपण पाहिले, असे त्यांनी सांगितले. डॉक्टरमंडळींना ते रुचले नाही. श्रद्धाळूंना ते पुरेसे वाटले नाही. ल्योंच्या रुग्णालयात हवी ती जागा त्यांना मिळाली नाही आणि १९०४ मध्ये त्यांनी देश सोडला.

शिकागो आणि न्यूयॉर्क

कॅनडामार्गे ते शिकागोला पोहोचले. तिथे चार्ल्स गथ्री या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी प्राण्यांमध्ये रक्तवाहिन्या जोडण्याचे, मूत्रपिंड व इतर अवयव एका जागेवरून दुसरीकडे बसवण्याचे अनेक प्रयोग केले. या कामाचे श्रेय गथ्री यांना पुरेसे मिळाले नाही, असे आजही अनेक जाणकार मानतात. १९०६ मध्ये कॅरेल न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले आणि पुढची तीन दशके बहुतेक तिथेच राहिले.

१९०८ मध्ये एका शल्यविशारदाच्या नवजात मुलीला रक्तस्रावाचा आजार झाला. रक्त गोठू न देता साठवून ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती. कॅरेल यांनी वडिलांच्या हातातली धमनी थेट बाळाच्या पायातल्या शिरेला जोडली. बाळ वाचले. १९१० मध्ये त्यांनी कुत्र्याच्या छातीतली महाधमनी आणि हृदयाची धमनी यांच्यामध्ये दुसऱ्या रक्तवाहिनीचा तुकडा जोडून पाहिल्याचे लिहिले. आपण आज ज्याला बायपास म्हणतो, त्याची ही प्रायोगिक सुरुवात होती. माणसावर ही शस्त्रक्रिया रुळायला आणखी अर्धे शतक गेले.

अवयव बसवताना त्यांना एक फरक दिसला. प्राण्याचा स्वतःचाच अवयव काढून पुन्हा बसवला तर तो चालत असे. दुसऱ्या प्राण्याचा बसवला तर टाके कितीही सुबक असले तरी काही दिवसांत बंद पडत असे. म्हणजे अडचण शिवणकामात नव्हती, ती पेशींच्या स्वभावात होती. पेशी जिवंत कशा राहतात आणि कशावर वाढतात, याकडे त्यांचे लक्ष वळले.

भांड्यात वाढणारे हृदयाचे तुकडे

१९०७ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील मज्जापेशी शरीराबाहेर, लसिकेच्या थेंबात वाढताना दाखवल्या होत्या. कॅरेल यांच्याकडे काम करणारे माँट्रोझ बरोज हे तंत्र हॅरिसन यांच्याकडून शिकून आले. दोघांनी लसिकेऐवजी रक्तद्रव वापरला आणि कोंबडीसारख्या उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या पेशी वाढवून दाखवल्या.

१७ जानेवारी १९१२ रोजी कॅरेल यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचे बारीक तुकडे काचेत ठेवले. सुरुवातीचे काही आठवडे हे तुकडे धडधडतही होते. नंतर त्यांतून वाढल्या त्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे शरीरात जखम भरणाऱ्या आणि ऊतींना आधार देणाऱ्या पेशी. पेशींना ठरावीक दिवसांनी धुवावे लागे आणि नव्या भांड्यात हलवावे लागे. जंतू शिरू नयेत म्हणून कॅरेल यांची शिस्त कडक होती. त्यांच्या प्रयोगशाळेत सहकारी काळे झगे आणि टोप्या घालून काम करत. हे संवर्धन पुढे सहकारी अल्बर्ट एबेलिंग यांनी सांभाळले. वर्तमानपत्रे त्याची वर्षे मोजत.

१९१२ मध्येच, वयाच्या ३९ व्या वर्षी, कॅरेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते रक्तवाहिन्या शिवणे आणि अवयव रोपण या कामासाठी होते, पेशींसाठी नव्हते. अमेरिकेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला मिळालेले वैद्यकशास्त्राचे ते पहिले नोबेल होते.

पेशी वाढवताना त्यांना एक महत्त्वाची गोष्ट कळली. नुसत्या रक्तद्रवात पेशी काही काळ तग धरतात, पण भ्रूणाच्या ऊतींचा रस घातला की त्या जोमाने वाढतात. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी वाढवण्यासाठी गाईच्या गर्भाचे सीरम वापरतात, त्यामागे हाच अनुभव आहे. रक्त गोठल्यावर गुठळीतून वेगळा होणारा पिवळसर द्रव म्हणजे सीरम. आपली कोलेस्टेरॉलची तपासणीही साधारणपणे त्यावरच होते.

पहिल्या महायुद्धात कॅरेल फ्रान्सला परतले आणि काँपिएन्य येथे जखमी सैनिकांचे रुग्णालय चालवले. रसायनतज्ज्ञ हेन्री डेकिन यांच्यासह त्यांनी सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणाने जखमा वारंवार धुण्याची पद्धत बसवली. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात या पद्धतीने अनेक सैनिकांचे हातपाय वाचले.

म्हाताऱ्या कोंबडीचे सीरम

युद्ध संपल्यावर कॅरेल पेशींकडे परतले. आता प्रश्न वेगळा होता : सीरम पेशींची वाढ नेमकी कशी बदलते?

एकाच वसाहतीचे दोन भाग करायचे, एकाला एक द्रव द्यायचा, दुसऱ्याला दुसरा, आणि कोणती वसाहत किती पसरते ते मोजायचे, ही त्यांची रीत होती. १९२१ मध्ये कॅरेल आणि एबेलिंग यांनी दाखवले की तरुण कोंबडीच्या सीरममध्ये फायब्रोब्लास्ट बऱ्यापैकी वाढतात, पण कोंबडी जितकी वयस्क तितकी तिच्या सीरममधली वाढ मंद. म्हणजे वय वाढताना रक्तात पेशींना रोखणारे काहीतरी वाढत होते, किंवा वाढवणारे काहीतरी कमी होत होते.

हे काहीतरी शोधण्यासाठी कॅरेल यांनी लिलियन बेकर या रसायनशास्त्रज्ञ सहकारी महिलेबरोबर काम केले. सीरममधले स्निग्ध पदार्थ, ज्यांना तेव्हा लिपॉइड म्हणत, त्यांनी बाजूला काढले. १९२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : सीरमचा वाढ रोखणारा गुण या स्निग्ध घटकांशी निगडित आहे. १९२७ मध्ये त्यांनी वयानुसार सीरममधल्या स्निग्ध पदार्थांचा आणि प्रथिनांचा परिणाम कसा बदलतो, यावर पुढचा अभ्यास मांडला.

आजच्या रुग्णाच्या कानाला हे ओळखीचे वाटेल. वय वाढते, रक्तातली चरबी वाढते, पेशी दमतात. एवढ्यावरच थांबलो, तर मोबाइलवरचा दुसरा संदेश खरा ठरेल. पण त्या प्रयोगात एक अडचण होती, आणि ती कॅरेल यांना तेव्हा दिसणे शक्यच नव्हते.

चरबी एकटी फिरत नाही

चरबी पाण्यात विरघळत नाही आणि रक्त बहुतांशी पाणी आहे. म्हणून रक्तात चरबी सुटी फिरत नाही. ती सूक्ष्म कणांत भरलेली असते. कणाच्या गाभ्यात कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड असतात. बाहेर फॉस्फोलिपिडचे पातळ आवरण असते. आणि त्यावर प्रथिन असते, जे कण सांभाळते आणि तो कुठे जायचा त्याची ओळख ठरवते. या कणांना लिपोप्रोटीन म्हणतात. रिपोर्टवरचे एलडीएल, व्हीएलडीएल आणि एचडीएल हे त्यांचेच प्रकार.

घोड्याच्या सीरममधून चरबी आणि प्रथिन एकत्र असलेला असा पदार्थ पॅरिसमध्ये मिशेल माशबफ यांनी १९२९ मध्ये वेगळा केला, म्हणजे कॅरेल-बेकर यांच्या लेखानंतर ४ वर्षांनी. हे कण वजनानुसार नीट वेगळे करणारे अतिवेगवान सेंट्रिफ्यूज यंत्र जॉन गॉफमन यांनी अमेरिकेत वापरले, ते १९५० च्या सुमारास. १९२५ मध्ये चरबी वेगळी काढणे म्हणजे कण फोडून त्याचे सामान बाहेर काढणे होते. सामान आणि ते वाहून नेणारी गाडी यांचा परिणाम सारखा असेलच असे नाही. पेशी प्रथिनाची ओळख पटवून अख्खा कण आत घेते. सुट्या चरबीशी तिची गाठ वेगळ्या रीतीने पडते.

एलडीएल एकच, परिणाम वेगवेगळे

कॅरेल यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ ३० वर्षांनी या प्रश्नाचे नीट उत्तर मिळू लागले, तेही फायब्रोब्लास्ट पेशींवरच. अमेरिकेतल्या डॅलस शहरात मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी माणसाच्या त्वचेतले फायब्रोब्लास्ट वाढवले. सीरममधून लिपोप्रोटीन कण काढून टाकले, तेव्हा पेशींनी स्वतःचे कोलेस्टेरॉल बनवण्याचा वेग खूप वाढवला. एलडीएल परत घातले, तसा पेशींचा आतला कारखाना मंदावला. पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर असतात, ते कण आत घेतात आणि पेशी गरजेपुरतेच कोलेस्टेरॉल वापरते.

कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया हा आजार दोन्ही पालकांकडून आलेल्या रुग्णांच्या पेशींत हे घडत नव्हते. त्यांच्याकडे रिसेप्टर नव्हते किंवा बिघडलेले होते. भांड्यात कितीही एलडीएल असले तरी पेशीला ते कळत नसे, आणि शरीरात ते रक्तात साचत राही. अशा मुलांना लहान वयातच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल मिळाले. रिसेप्टरची गरज भागवायला रक्तात साधारण २५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर एलडीएल कोलेस्टेरॉल पुरेसे ठरावे, असा त्यांचा हिशेब होता. आपल्यापैकी बहुतेकांच्या रक्तात याच्या कितीतरी पट जास्त असते. म्हणून औषधाने एलडीएल बरेच खाली आले तर पेशी उपाशी राहतील, ही भीती अनाठायी आहे. शिवाय पेशी स्वतःही कोलेस्टेरॉल बनवतात.

इतर पेशींवर वेगळे चित्र दिसले. लिपोप्रोटीनचा परिणाम ३ गोष्टींवर अवलंबून असतो.

- पेशी कोणती? धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी चरबी वाढलेल्या प्राण्यांच्या सीरममध्ये जास्त वेगाने वाढतात, असे १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत आढळले. फायब्रोब्लास्टची वाढ भराभर झाली तर जखम भरते. धमनीच्या भिंतीत स्नायुपेशींची वाढ झाली तर भिंत जाड होते. वाढ म्हणजे नेहमीच चांगले असे नाही.

- कण कसा आहे? ताजे एलडीएल पेशी सहज आत घेतात. तेच एलडीएल ऑक्सिडाइज झाले, म्हणजे खवट तेलासारखे बिघडले, तर धमनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना ते विषारी ठरते. संवर्धनाच्या भांड्यात, संरक्षक सीरम नसताना, एलडीएल असे बिघडू शकते. सोबत एचडीएल असेल तर हानी कमी होते.

- प्रमाण किती? बिघडलेल्या एलडीएलमधले काही घटक अल्प प्रमाणात पेशींना वाढायला उद्युक्त करतात आणि जास्त प्रमाणात मारतात.

कॅरेल आणि बेकर यांनी पाहिलेली वाढीतली घट खरी होती. मात्र ती एका प्रकारच्या पेशींत, एका पद्धतीने काढलेल्या चरबीची होती. तिच्यावरून रक्तातली चरबी पेशींना वाईटच, असा सरसकट नियम निघत नाही. पेशींना ती लागते म्हणून कितीही चालेल, असाही निघत नाही.

अमर पेशींचे काय झाले?

कोंबडीच्या हृदयाचे ते संवर्धन ३४ वर्षे चालले आणि १९४६ मध्ये थांबवले गेले. त्यावरून कॅरेल यांनी मोठा निष्कर्ष काढला होता : पेशी मुळात अमर आहेत, म्हातारपण पेशीत नसते, ते भोवतालच्या द्रवात असते. म्हाताऱ्या कोंबडीच्या सीरमचे प्रयोग याच विचाराला बळ देणारे वाटत. कित्येक वर्षे हे पाठ्यपुस्तकी सत्य मानले गेले. दुसऱ्या कोणाच्या पेशी काही काळाने वाढेनाशा झाल्या तर त्याचे तंत्रच चुकले असेल, असे समजले जाई.

१९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले की माणसाच्या निरोगी पेशी साधारण ५० वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात, भोवतालचा द्रव कितीही चांगला असला तरी. कॅरेल यांचा निकाल दुसऱ्या कोणालाही पुन्हा मिळवता आला नाही. पेशींना खाद्य म्हणून घातल्या जाणाऱ्या भ्रूणाच्या रसातून प्रत्येक वेळी थोड्या ताज्या जिवंत पेशीही भांड्यात जात असाव्यात, असा तर्क पुढे मांडला गेला.

शेवटची वर्षे

१९३० च्या दशकात कॅरेल यांनी प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्यासह एक काचेचा पंप बनवला. शरीराबाहेर काढलेला अवयव त्यात निर्जंतुक द्रवाच्या प्रवाहावर काही दिवस जिवंत ठेवता येई. लिंडबर्ग यांच्या मेहुणीला हृदयाच्या झडपेचा आजार होता. त्यावर उपाय शोधताना ते कॅरेल यांच्याकडे आले होते.

१९३५ मध्ये कॅरेल यांचे माणसाविषयीचे पुस्तक आले. ते अनेक भाषांत गेले आणि प्रचंड खपले. त्यात त्यांनी निवडक माणसांची पैदास वाढवण्याचा पुरस्कार केला, आणि काही गुन्हेगारांना व गुन्हे करणाऱ्या मनोरुग्णांना वायूने मारून टाकावे असेही सुचवले. वसाहतीतल्या पेशी निवडाव्यात तशी समाजातली माणसे निवडता येतील, असा हा विचार होता. तो तेव्हाही घातक होता. याच काळात जर्मनीत या विचाराने सत्ता मिळवली आणि हजारो मनोरुग्णांचे बळी घेतले.

दुसऱ्या महायुद्धात कॅरेल फ्रान्समध्ये परतले. जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या विशी सरकारच्या आधाराने १९४१ मध्ये त्यांनी मानवी प्रश्नांच्या अभ्यासाची संस्था काढली. पॅरिस मुक्त झाल्यावर त्यांच्यावर शत्रूशी हातमिळवणीचा आरोप झाला. तोवर त्यांना हृदयविकाराने ग्रासले होते. ५ नोव्हेंबर १९४४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. ल्योंच्या एका वैद्यकीय विद्याशाखेला त्यांचे नाव दिले होते. १९९६ मध्ये ते बदलण्यात आले. त्यांचे टाके मात्र शस्त्रक्रियागृहात राहिले आहेत.

भांड्यापासून रुग्णापर्यंतचे अंतर

काचेतल्या पेशींवर दिसलेले सगळेच माणसात उतरत नाही, याची अलीकडची उदाहरणे कोलेस्टेरॉलच्याच क्षेत्रात आहेत.

भांड्यात ई जीवनसत्त्व एलडीएलला बिघडण्यापासून वाचवते. त्यावरून लाखो लोकांनी त्याच्या कॅप्सूल घेतल्या. ब्रिटनमध्ये सुमारे २० हजार लोकांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. त्याच चाचणीत स्टॅटिनच्या गोळीने ते कमी झाले.

भांड्यात एचडीएल पेशींतले जादा कोलेस्टेरॉल बाहेर काढते. म्हणून एचडीएल वाढवणारे टॉर्सेट्रॅपिब हे औषध बनले. त्याने एचडीएल खूप वाढले, पण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले आणि २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली.

स्टॅटिनची कथा उलट आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून पहिले स्टॅटिन शोधले. पेशींचा कोलेस्टेरॉलचा कारखाना मंदावला की यकृताच्या पेशी जास्त रिसेप्टर बनवतात आणि रक्तातले एलडीएल ओढून घेतात. भांड्यात समजलेली ही यंत्रणा प्राण्यांत तपासली गेली, मग माणसांत, मग हजारो रुग्णांच्या दीर्घ चाचण्यांत. या सगळ्या पायऱ्या पार केल्यावरच ती गोळी तुमच्या चिठ्ठीवर आली आहे.

रुग्ण आणि कुटुंबीयांनी लक्षात ठेवावे

- पेशींना कोलेस्टेरॉल लागते हे खरे आहे, पण त्यांची गरज थोडी असते आणि ती त्या स्वतःही भागवतात. या कारणासाठी औषध बंद करू नका.

- एखादे उत्पादन प्रयोगशाळेतल्या पेशींवर सिद्ध झाले आहे, अशी जाहिरात दिसली तर एकच प्रश्न विचारा : माणसांवर चाचणी झाली का, आणि त्यात झटके किंवा मृत्यू कमी झाले का?

- रिपोर्टमधला एकच आकडा पाहून घाबरू नका. तुमच्यासाठी एलडीएल किती असावे हे वय, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, आधी आलेला झटका यांवर ठरते. ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

- एलडीएल १९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त असेल, घोट्यामागच्या शिरेवर किंवा बोटांच्या सांध्यांवर चरबीच्या गाठी असतील, किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर कौटुंबिक आजाराची शक्यता असते. अशा वेळी भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्या.

- स्टॅटिन सुरू केल्यावर स्नायू खूप दुखू लागले किंवा लघवीचा रंग गडद झाला तर लगेच डॉक्टरांना कळवा. इतर कोणत्याही शंकेसाठी गोळी स्वतःहून न थांबवता आधी विचारा.